आनंदास पत्र : इंजिन बांधायचं की बदलायचं

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
दि. २ जून २०२४

प्रिय आनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला. ट्रक निळा धूर सोडतोय, तिघांनी तीन मतं दिली, मग इंजिन बांधायचं की बदलायचं आणि त्यासाठी वहिनींचं सोनं ठेवायचं का, असं तू विचारलंयस. फोन करणार होतो, पण फोनवर तू कायम घाईत असतोस. मागं हॉर्न वाजतात, कुणीतरी हाक मारतं आणि निम्मं ऐकूनच तू "बरं बरं, बघतो" म्हणतोस. हा विषय निम्मा ऐकण्यातला नाही. म्हणून दुकान बंद केल्यावर निवांत लिहायला बसलोय. किसनलाही वाचायला दे, गाडी दिवसभर त्याच्या हातात असते.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायचा नाही. इंजिन बदलू नकोस. निदान ते उघडून, मोजून बघेपर्यंत तरी नको. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा, आणि क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, शाबूत निघाले तर तुझंच इंजिन बांधायचं, म्हणजे उघडून झिजलेलं मापात आणून नवे भाग घालायचे, आणि बांधायचं ते पूर्ण. दोन्हीतलं एक कामातून गेलं असेल तरच बदलायचा विषय काढायचा. मी बोअर-क्रँकचंच काम करतो, म्हणजे तू इंजिन बांधलंस तर त्यातलं निम्मं काम माझ्याच दुकानात येणार, हे तुला माहीत आहे. पण ब्लॉक गेलेला दिसला तर तसं सांगणारा पहिला माणूस मीच असेन.

तू लिहिलंयस त्यात मला एक गोष्ट खटकली. एकानं "इंजिन संपलं, बदलून टाका" म्हटलं, दुसऱ्यानं "रिंगा-बेरिंग टाकून काढू अजून दोन वर्षं", तिसऱ्यानं तर जुनं इंजिनच दाखवायला नेलं. पण तिघांपैकी एकानंही गाडीला पाना लावलेला दिसत नाही. सायलेन्सरकडं बघितलं, रेस करून आवाज ऐकला आणि निकाल दिला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच. ते कुठनं येतंय हे धूर सांगत नाही.

म्हणून इकडं यायच्या आधी घरीच काही गोष्टी बघून घे. टर्बोच्या पुढचा पाईप काढून आत बोट फिरव. बोट ऑइलनं माखलं तर टर्बोचं सील गेलेलं असू शकतं, आणि ते काम पूर्ण इंजिनाच्या मानानं किरकोळ आहे. दुसरं, ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. तो इंजिनच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा गेल्या की ऑइल हवेबरोबर टाकीत जातं आणि मालकाला वाटतं इंजिन ऑइल खातंय. किसन सकाळी हवेच्या टाकीचा कॉक सोडून पाणी काढतो ना, त्याच्याखाली एक पुठ्ठा धर. पाण्याबरोबर काळं ऑइल येत असेल तर तुझं निम्मं ऑइल तिकडंच जातंय. तिसरं, डिझेल फवारणारं नोझल. नोझल थेंब गाळायला लागलं की डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पट्टी काढून वास घे. डिझेलचा वास येत असेल, ऑइल पातळ लागत असेल, तर आधी पंप-नोझल टेस्टिंगला न्यायचे.

हे सगळं ठीक निघालं तर मग इंजिन आतून झिजलंय असं धरायचं. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांमधनं खाली उतरणारा गॅस, कसं बघायचं ते तुला सांगायला नको, तरी लिहितो, कारण थंड इंजिनावर बघून लोक फसतात. गाडी एक फेरी मारून आली की इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता, ठेव, ऑइल टाकायचं झाकण काढून तिथंच उलटं ठेव. झाकण नुसतं थरथरलं तर घाबरायचं कारण नाही. उडून खाली पडत असेल आणि भोकातून धुराचा लोट येत असेल, तर रिंगांमधनं गॅस खाली जातोय. त्याच वेळी ऑइल प्रेशरचा काटा कुठं बसतो तेही बघून ठेव. थंड इंजिनावरचा काटा कुणालाही चांगलाच दिसतो. गरम इंजिन, स्लोवर, तेव्हाचा खरा. आणि सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून घेतल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नकोस. सहाच्या सहा खाली बसलेत की एकच बसलाय, यात फार फरक आहे. एकच बसला असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळालेला असेल, रिंग मोडली असेल किंवा हेड गॅस्केट गेलं असेल. तेवढ्यासाठी अख्खं इंजिन बदलायला निघणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं.

आता उघडल्यावर काय बघायचं. तुझ्या टाटा २५१८ मध्ये कमिन्सचं सिक्स बीटी आहे, ५.९ लिटरचं. त्याची एक गोष्ट लक्षात ठेव. त्याच्या ब्लॉकला कंपनीकडून लायनर, म्हणजे आत बसवलेली वेगळी नळी, नसतो. पिस्टन थेट ब्लॉकच्याच भोकात चालतो. स्टँडर्ड बोअर, म्हणजे त्या भोकाचा व्यास, १०२ मिलिमीटर. झिजला की ब्लॉकच बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा, तोही झिजला की एक मिलिमीटर मोठा. त्यानंतर साईज संपली. मग भोक मोठं करून त्यात स्लीव्ह बसवून परत स्टँडर्डवर आणावं लागतं. ते काम आपल्याकडं होतं, पण करणारा हात चांगला पाहिजे. तुझी गाडी २०१३ ची, पहिल्या मालकाकडनं तूच घेतलीस, आणि तुझ्या आठवणीप्रमाणं इंजिन कधी उघडलेलं नाही. तसं असेल तर पिस्टन स्टँडर्ड निघतील, म्हणजे ब्लॉकमध्ये अजून पुढच्या दोन साईजा शिल्लक आहेत. असला ब्लॉक भंगारात देऊन दुसऱ्याचा कुठला तरी घ्यायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

हेड उतरवलं की बोअरच्या वरच्या कडेला बोटाचं नख खालून वर फिरवून बघ. जिथं वरची रिंग येऊन थांबते तिथं नख अडकेल. त्याच्या वर रिंग पोचत नाही म्हणून तिथलं लोखंड मूळच्या मापाचं राहतं, आणि खाली झिजून खड्डा पडतो. ती पायरी किती आहे ते बोअर गेजनं मोजायचं. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन्हीकडनं. बोअर नुसता मोठा होत नाही, अंडाकृती होतो, वर रुंद आणि खाली अरुंद होतो. या इंजिनात मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा फार झाला. तेवढ्या झिजलेल्या भोकात नवी गोल रिंग कधीच नीट बसायची नाही, आणि वरची रिंग त्या पायरीला धडकून मोडते. "रिंगा-बेरिंग टाकून काढू" म्हणणाऱ्या माणसाचं म्हणूनच ऐकायचं नाही. पैसे कमी लागतात, महिनाभर गाडी गुळगुळीत चालते, आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऐन भरात परत धूर. असं हाफ इंजिन, म्हणजे नुसतं रिंगा-बेरिंगचं काम, करायचंच असेल तर बोअर मापात असेल तेव्हाच. तुझ्या गाडीचा धूर बघता तसं निघेल असं मला वाटत नाही.

क्रँकचं तसंच. जर्नल, म्हणजे बेरिंग बसतात ते गोल भाग, मोजायची, रेषा पडल्यात का बघायचं, आणि ग्राइंडिंगच्या आधी चुंबकावर क्रॅक टेस्ट करून घ्यायची. क्रॅक असेल तर तो क्रँक कितीही छान चमकला तरी फेकायचा, त्याच्यावर दया दाखवायची नाही. साईज पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं खाली जाते, त्यामुळं पहिल्यांदा उघडलेल्या क्रँकमध्ये भरपूर जीव असतो. पण ग्राइंडिंग करणाऱ्यानं जर्नलच्या कडेची गोलाई तशीच राखली पाहिजे. कोपरा धारदार सोडला तर क्रँक बरोबर तिथनंच तुटतो, आणि तोही आंबा घाटात भरल्या गाडीखाली. हे काम मी स्वतः उभा राहून करून देईन.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तुझ्या मेसेजमध्ये कुठंच नाही, ते. इंजिन झिजलं कशामुळं?

मागं एका दहाटायरीचं इंजिन आमच्याकडं बोअरला आलं होतं. नवे पिस्टन, नवी बेरिंग, सगळं व्यवस्थित करून दिलं. वर्षाच्या आत तेच इंजिन परत. मालक साहजिकच भडकला होता, मिस्त्री म्हणत होता पिस्टनच डुप्लिकेट. इंजिन उघडलं तर बेरिंग अगदी नव्यासारखी आणि वरच्या रिंगा मात्र पातळ पत्र्यासारख्या झालेल्या. बेरिंग चांगली आणि रिंगा संपलेल्या, म्हणजे घाण ऑइलमधनं नाही, हवेतनं आली. मी गाडीकडं गेलो, एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाईप काढला. क्लिपच्या बरोबर खाली रबर चिरलेलं होतं, वरनं बघितलं तर दिसायचंही नाही. आत बोट घातलं तर लाल मातीचा मऊ लेप निघाला, चिऱ्याच्या खाणीतली माती. फिल्टर नवा होता, महागाचा होता, आणि हवा त्याला बगल देऊन आत जात होती. जुनं इंजिन त्याच भेगेनं खाल्लं आणि नवंही त्याच भेगेनं. त्या मालकानं कंपनीचं कोरं इंजिन आणून बसवलं असतं तरी तेही वर्षातच गेलं असतं.

तुझी गाडी उन्हाळाभर रत्नागिरीकडनं चिरा आणते आणि हंगामात शेताच्या बांधावरनं ऊस काढते. धुळीतच तिचं आयुष्य. म्हणून इंजिन बांधो वा बदलो, फिल्टरचा डबा, त्याच्या आतलं रबर, सगळे होज पाईप आणि सगळ्या क्लिपा नव्या घालायच्या. त्यांचा खर्च पिस्टन किटपुढं काहीच नाही. किसनला सांग, फिल्टर टायरवर आपटून झाडायचा नाही आणि हवेच्या पाईपनं आतबाहेर फुंकायचा नाही. कागदाला बारीक भोकं पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. आणि बेरिंग रेषांनी भरलेली निघाली तर मग कारण ऑइलकडं आहे. तेव्हा ऑइल पंप मोजायचा, ऑइल कूलर बदलायचा. कूलरमध्ये अडकलेला धातूचा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही, आणि नवं इंजिन सुरू झालं की पहिल्यांदा तोच बेरिंगमध्ये जातो.

तिसऱ्यानं दाखवलेल्या जुन्या इंजिनाबद्दल. "चालू गाडीतनं काढलंय" हे वाक्य प्रत्येक जुन्या इंजिनाबरोबर फुकट मिळतं. आपल्या भागात त्यात आणखी एक धोका आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत किती गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या ते तू बघितलंयस. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. त्या गाड्यांची इंजिनं कुठं ना कुठं गेलीच असणार. पाण्यात राहिलेल्या इंजिनात बोअरला पाण्याच्या पातळीवर गंजाचा कडा उमटतो, चेंबरच्या कोपऱ्यात चिकट गाळ बसतो, आणि आत पाणी असताना कुणी सेल्फ मारला असेल तर कॉन रॉड वाकलेला असतो. हे बाहेरनं रंग मारल्यावर दिसत नाही. चेंबर आणि हेड उतरवून दाखवत असेल तर बघायला मी येतो. नसेल दाखवत तर चहाही न पिता उठायचं.

शिवाय कागदपत्रं. इंजिन नंबर बदलला की तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो. परवानगी न घेता इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. गाडीवर फायनान्स आहे, म्हणजे त्यांची ना हरकतही लागणार. जुन्या इंजिनाचं पक्कं बिल नसेल, ते कुठल्या गाडीचं होतं याचा कागद नसेल, तर उद्या अपघाताच्या क्लेमला विमा कंपनी पहिल्यांदा तिथंच बोट ठेवणार. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या तुला झिजवाव्या लागणार. स्वतःच्या ब्लॉकवर बांधलं तर नंबर तोच राहतो, हा सगळा प्रश्नच येत नाही.

कंपनीनं बांधलेलं इंजिन हा मात्र इमानी पर्याय आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. टाटा मोटर्सची प्रोलाइफ म्हणून योजना आहे, जुनं देऊन बांधलेलं घ्यायचं. बिल मिळतं, वॉरंटी मिळते, गाडी लवकर सुटते. तुझ्या ब्लॉकला मेन बेरिंगच्या ठिकाणी तडा निघाला किंवा क्रँकनं मान टाकली, तर मी तुला सरळ तिकडंच पाठवीन. जुन्या इंजिनाची किंमत ते त्याची अवस्था बघून धरतात, म्हणून ब्लॉक फुटेपर्यंत गाडी रेटायची नाही. आत्ता चालतीय तशी "अजून चार फेऱ्या" म्हणून चालवत राहिलास आणि कॉन रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तर बांधायचाही मार्ग बंद आणि बदलून मिळणाऱ्याचाही भाव वाढला.

पैशाचं बोलतो, कारण खरी काळजी तीच आहे. नुसती इंजिनाची किंमत धरू नकोस. गाडी उभी असताना हप्ता चालू असतो, किसनचा पगार चालू असतो, तेही त्यात धर. म्हणूनच वेळ महत्त्वाची. आता पाऊस लागतोय. चिऱ्याच्या खाणीत पाणी भरलं की ते काम बंद, आणि ऊस तर दिवाळीच्या आसपास. हे तीन-चार महिने गाडीला तसंही भाडं कमी. इंजिन बांधायला सामान वेळेवर मिळालं तर आठ-दहा दिवस लागतात, आणि ते दिवस आत्ता घालवले तर तुझं नुकसान जवळजवळ नाहीच. हंगामात हेच काम निघालं असतं तर मीही कदाचित बांधलेलं इंजिन आणून बसव म्हटलं असतं.

गाडीच्या वयाचा हिशेबही घालून बघ. २०२८ ला पंधरा वर्षं पुरी होतील. आत्ताही फिटनेस दरवर्षी आहेच, आणि पंधरा वर्षांवरच्या जड गाडीची फी एप्रिल २०२२ मध्येच साडेबारा हजार झाली होती. म्हणजे ही गाडी तू फार तर अजून चार-पाच वर्षं जोरात चालवशील. तेवढ्यासाठी नीट बांधलेलं इंजिन पुरून उरतं. कोऱ्या इंजिनाचे पैसे या चासीतनं वसूल होतील असं मला दिसत नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पाट्यांची कमान, सगळं त्याच वयाचं आहे, त्यांनाही पुढं पैसे लागणार. ते हाताशी ठेव.

आणि वहिनींचं सोनं. आनंदा, मोजमाप व्हायच्या आधी ते पतसंस्थेत ठेवायचं नाही. किती लागणार हे ठाऊक नसताना उचललेलं कर्ज हमखास जास्त उचललं जातं. उघडून मोजलं की दुसऱ्या दिवशी मी तुला कागदावर लिहून देतो, किट किती, बेरिंग किती, बोअर आणि क्रँकची मजुरी, हेडचं काम, पंप-नोझल, वॉटर पंप, ऑइल, गॅस्केट. माझी मजुरी हंगाम सुरू झाल्यावर दे. सामानवाल्याशीही मी बोलतो, उद्यमनगरात एवढी ओळख आहे. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी हातानं ऑइल इंजिनं घडवली, जिथं ओतकामापासून बोअर घासायच्या होनिंगपर्यंत सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं, तिथं आपल्या माणसाचं इंजिन बांधायला त्याच्या बायकोचं मंगळसूत्र गहाण पडावं हे मला सहन व्हायचं नाही.

बांधल्यानंतरचं थोडं, म्हणजे नंतर विसरायला नको. ब्लॉक धुताना ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतनं ब्रश फिरवलाच पाहिजे, होनिंगची भुकटी राहिली तर सगळी मेहनत मातीत. तिथं मी मिस्त्रीच्या मागं उभा राहीन. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, गेज लावूनच सेट करायची, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर, अंदाजानं नाही. आणि नवं इंजिन आहे म्हणून तासन्‌तास स्लोवर उभं करून ठेवायचं नाही. बरेच जण तसं करतात. भार नसला की रिंगा बसत नाहीत, बोअरला आतनं काच चढल्यासारखी होते आणि ऑइल खाणं सुरूच राहतं. पहिल्यापासून मध्यम भार घालून चालवायचं, चढाला वेळेवर गिअर खाली टाकायचा, आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं.

येत्या गुरुवारी गाडी रिकामी घेऊन ये. ऑइल काढून आणू नकोस, ते मला बघायचंय. एअर फिल्टर झाडू नकोस, आहे तसा, आहे त्या डब्यात राहू दे. होज पाईपांना हात लावू नकोस. आरसी, फायनान्सचे कागद आणि पहिल्या मालकाकडनं मिळालेली जुनी बिलं असतील तेवढी सगळी घेऊन ये. मुक्काम आमच्याकडंच, किसनसुद्धा. हिनं तांबड्या-पांढऱ्याचा बेत ठरवून टाकलाय.

आईंच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सर्जेराव